थंड दाखवणारा काटा

मी एक जुने इंजिन आहे, मित्रांनो. आतले रबर करपलेले, सगळे अंग उघडे, असा शेडच्या फरशीवर पडून आहे.

मी जन्मलो तो मोटारीसाठी. माझ्या पोटात दोन त्रिकोणी रोटर गरागरा फिरायचे आणि त्यांच्याभोवती पाणी खेळत राहायचे. मोटारीचा पत्रा गंजून गेला, पण मी ठणठणीत होतो. म्हणून एका मिस्त्रीने मला उचलून आणले. त्याच्या ताईला स्वतःचे छोटे विमान उडवायचे होते. त्याने मला लेकरासारखे न्हाऊ घातले, पुढे पंखा जोडला. ताई येता-जाता मला थोपटायची. इतके लाड माझे कधी झाले नव्हते. ते पाहून पलीकडच्या गावच्या मास्तरांनीही त्याच्याकडून आपल्या विमानात असेच इंजिन बसवून घेतले.

मोटारीत माझ्यातले गरम पाणी एका वाटेने हीटरकडे जायचे. विमानात हीटर नव्हता, म्हणून मिस्त्रीने ती वाट बूच मारून बंद केली. पाण्याचा ताप मोजून काट्यावर दाखवणारा सेन्सर खरे तर पंपाजवळ, वाहत्या पाण्यात बसायचा. पण त्या बंद वाटेवरही तसेच, त्याच मापाचे भोक होते आणि वायर तिथे सहज पोचत होती.

"इथंच बसतोय की! कशाला वायर वाढवा?" तो म्हणाला.

जमिनीवर मला चालवून पाहिले. ताईने हात जवळ नेला आणि झटकन मागे घेतला.

"अरे, हा भाजतोय! मग काटा थंड कसा?"

"ताई, इंजिन आहे ते, मांजर नाही. गरम असणारच."

"एकदा नळ्या बघून घे ना, बाबा."

"तू उडव. धाकटा असलो तरी मिस्त्री मी आहे."

ती हसली आणि विषय तिथेच राहिला.

आम्ही पुष्कळ उडालो. मग एका दुपारी एक नळी निसटली. माझे पाणी भसाभसा वाहून गेले. मी आतून करपत होतो आणि ओरडायला माझ्याजवळ तो एक काटाच होता. सेन्सर मात्र बंद वाटेत साचलेल्या थोड्याशा पाण्यात गार बसला होता. वेळेवर कळते, तर ताई सपाट शेतात उतरली असती. कळले तेव्हा मी जाम होऊन बंद पडलो होतो आणि खाली नुसते दगड होते.

ताई वाचली. तिचे पाय मात्र गेले ते गेलेच.

आज मिस्त्रीने मला उघडले. पंपापासून एकेका नळीवर बोट फिरवत तो सेन्सरपाशी आला आणि मटकन खाली बसला. ताई चाकांच्या खुर्चीत शेजारीच होती.

"ताई, माझंच चुकलं गं. सेन्सर बंद वाटेवर बसवला मी."

तिने वाकून ते बूच पाहिले. मग म्हणाली, "मास्तरांच्या इंजिनात कुठं बसवलास?"

मिस्त्रीच्या तोंडचे पाणी पळाले. "तिथंच."

"मग बसलास काय? फोन लाव!"

फोन मास्तरांच्या बायकोने उचलला. "अहो, आत्ताच उडाले ते. जाता जाता तुमचं कौतुकच करत होते. काही काम होतं का?"

मित्रांनो, आम्हा यंत्रांना कळ आली, तरी तुम्ही जोडून दिलेल्या जागेतूनच बोलता येते. पाणी कुठून येते, कुठे जाते, ते बोटाने शोधा आणि मगच आम्हाला वाचा द्या. आणि कुणी 'भाजतंय' म्हणाले, तर त्याला हसू नका.

मिस्त्री गाडी घेऊन धावला आहे. ताई खुर्चीची चाके फिरवत दारापर्यंत गेली आहे आणि आभाळाकडे कान लावून बसली आहे.