भागीबाईचा मिसकॉल

लहानूनं आपल्या फोनातलं सिमकार्ड नखानं उचकटून चाचणीच्या फोनात बसवलं, मागचं झाकण दाबलं आणि घड्याळाकडं पाहिलं. दिवेलागणीची वेळ झाली होती. आता आईचा मिसकॉल येणार.

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या त्या ऑफिसात साध्या, बटणांच्या फोनांवर चालणारे खेळ बनत. सध्याचा खेळ नारळ झेलायचा. खेळ एकच, पण गिऱ्हाईक केनियात, ब्राझीलमध्ये, इंडोनेशियात, आणि प्रत्येक मुलखातल्या फोनांची तऱ्हा निराळी. एकाचा पडदा चिंचोळा, तर दुसऱ्याची बटणंच उलटी. एकावर गुमान चालणारा खेळ दुसऱ्यावर हटून बसे. त्यात सगळ्यात छळवादी चाचणी कॉल येण्याची. ऐन रंगात फोन वाजला की खेळानं निमूट थांबायचं, आणि बोलणं संपलं की थांबला तिथून पुढं चालायचं.

लहानूनं त्यावर तोडगा काढला होता. पेठकडच्या पाड्यावर त्याची आई, भागीबाई, एकटी राही. वडील गेल्यापासून दोघांत ठरलेलं होतं, रोज संध्याकाळी तिनं मिसकॉल द्यायचा. मिसकॉल आला म्हणजे सगळं बरं. उचलायचा नाही. आता रोज यायचाच आहे, तर वाया कशाला घालवा! फोन वाजला, खेळ थांबला, की लहानू लाल बटण दाबून तो कट करी. आईची खुशालीही कळे आणि कामही उरके.

कधी त्यानं उलटा फोन केलाच, तर ती मोजकंच बोले.

“बरं हाय. ठेव.”

लहानूलाही ते सोयीचंच होतं.

“आज उचलून बघ हं,” शेजारच्या टेबलावरून तृप्ती म्हणाली. खेळ तपासून पुढं पाठवायचं काम तिचं. “ब्राझीलच्या या फोनावर कॉल उचलला की खेळ मरतो म्हणतायत. उद्या पाठवायचाय, बाबा!”

फोन वाजला. नारळ अधांतरी थांबले. लहानूनं हिरवं बटण दाबलं आणि सवयीनं फोन कानाला लावला.

“...आन् शेळी व्याली रं. दोन करडं. तुझा बा असता तर नाचला असता. मला कालपास्नं ताप हाय, पर सांगू कोणाला? घर खायाला उठतं बघ, लहानू...”

ती थांबतच नव्हती. फोन तिनं कानाला नाही, तोंडासमोर धरला असणार. तो उचललाय हे तिच्या गावीही नव्हतं. म्हणजे वाजत्या फोनाशी ती रोज अशीच बोलत होती, आणि रोज आपण तिला मधेच तोडत होतो.

“आये,” तो म्हणाला.

पलीकडचा आवाज एकदम थांबला.

“उचलला व्हय?” आणि मग नेहमीचंच, “बरं हाय. ठेव.”

फोन बंद झाला.

“चाललं का रे?” तृप्तीनं विचारलं.

पडद्यावर नारळ पुन्हा पडू लागले होते.

“चाललं,” लहानू म्हणाला. पण झेलायला त्याचा अंगठा हलेना. एकेक करून सगळे नारळ जमिनीवर फुटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी खेळ ब्राझीलला रवाना झाला, आणि लहानू रजा टाकून पेठच्या एसटीत बसला. पाड्यावर पोचेस्तोवर अंधारून आलं. घराच्या कुडाच्या भिंतीशी आला, तोच खिशात फोन थरथरू लागला. त्यानं तो बाहेर काढला नाही, की कट केला नाही. भिंतीपलीकडून बोलणं ऐकू येत होतं.

“...ताप नाय उतरला अजून. एकटीपुरती चूल पेटवायचा लय कंटाळा येतो, लहानू. पर टाकते आपली एक भाकर.”

“दोन टाक, आये,” तो दारातून म्हणाला.