पंज्यातली निळी फाईल

उंटावरून शेळ्या हाकणं ही मामाची नोकरीच होती. कचरा जाळून वीज करणाऱ्या कारखान्यात, खोल खड्ड्याच्या वर काचेच्या केबिनमध्ये बसायचं, क्रेनचा लोखंडी पंजा हलवायचा, ओला-सुका कचरा कालवायचा आणि घास घास भट्टीच्या तोंडात टाकायचा. आगीवर पाणी, पाण्याची वाफ, वाफेवर वीज. अर्ध्या शहराचे दिवे माझ्या मनगटावर लागतात, असं तो घरी इतक्यांदा सांगे की बायको सोडून सगळे उठून जात. बायकोला उठता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ती कमरेखाली लुळी पडली. तेव्हापासून त्याची भाची सकाळ-संध्याकाळ येऊन तिला उचलायची, अंघोळ घालायची. पोरीने कधी तोंड वाकडं केलं नाही.

त्या दुपारी बहीण आणि भाची धापा टाकत केबिनमध्ये आल्या.

"दादा, तूच काय ते कर! हिच्या बापाने रागाच्या भरात हिची फाईल कचऱ्याच्या डब्यात कोंबली. गाडी घेऊनही गेली."

फाईलमध्ये तीन वर्षांची चित्रं होती. उद्या सकाळी दहाला ती परगावच्या कला महाविद्यालयात दाखवायची होती. चित्रं नाहीत तर प्रवेश नाही.

कुठल्या गल्लीची गाडी कुठल्या दारातून खड्ड्यात रिकामी होते, हे मामाला तोंडपाठ. यांची पाचव्या दारातून, अकरा वाजता. भट्टीवाला फोनवर म्हणाला, "वीस मिनिटं पुरेल एवढं तोंडात आहे. तोवर शोध. मग मला घास दे."

तिसऱ्याच खेपेला निळा कोपरा दिसला. भाची दुसरीकडे बघत होती. मामाने तो पाहिला आणि त्याच्या डोळ्यांपुढे घरची खाट उभी राहिली. ही गेली की बायकोला कोण उचलणार? मी? या कमरेने? विचार नीच होता, पण त्याला तो अगदी व्यवहारी वाटला.

"काही नाही गं दिसत," म्हणत त्याने पंजा मिटला आणि उचलून भट्टीकडे नेला.

"मामा! निळी! पंज्यात आहे बघ! खाली ठेव!"

"हो हो, ठेवतो."

पंजा भट्टीच्या तोंडावर लोंबकळत होता. कुठल्या बटणाने तो मिटतो, कुठल्या बटणाने उघडतो, हे भाचीला मामानेच एकदा कौतुकाने शिकवलं होतं. त्याचा अंगठा लाल बटणाकडे गेला. तिने बघितलं. पंजा उघडला.

"अरेरे, चुकून दाबलं गेलं!" मामा कपाळ बडवत म्हणाला.

बहीण रडली आणि वर त्याचीच समजूत घालू लागली. "तू तरी काय करणार, दादा? आमचंच नशीब फुटकं."

तोंडात पडलेलं परत निघत नाही. आधीचा कचरा जळेपर्यंत फाईल तिथेच पडून होती आणि हळूहळू खाली सरकत होती. ती दिसेनाशी होईपर्यंत पोर काचेला चिकटून उभी राहिली. मामा मध्येच म्हणाला, "चहा घेतेस?"

संध्याकाळी तो घाबरतच घरी गेला. भाची येईल की नाही? ती सहाच्या ठोक्याला आली. मामाचा जीव भांड्यात पडला.

"रागावली नाहीस ना?"

"नाही."

तिने पाणी तापवलं, मामीच्या काखेत हात घालून तिला खाटेवरून उचललं. मामीने तिच्या गळ्याला मिठी मारली. खाटेपासून अंघोळीच्या खुर्चीपर्यंत चार पावलं. दोन पावलं टाकून, कडक फरशीच्या मधोमध, भाची थांबली आणि मामाकडे वळली.

"मामा, सोडू?"

"अगं! धर! धर तिला!" मामा धावला, पण हात लावायची त्याला भीती वाटली.

"चुकून सुटलं तर?"

मामी खळखळून हसली. भाची थट्टा करतेय, असंच तिला वाटलं. भाचीने उरलेली दोन पावलं टाकली, तिला अलगद खुर्चीत बसवलं आणि प्रेमाने अंघोळ घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, फरशीच्या मधोमध, तिने पुन्हा विचारलं.