सिगुर म्हणायचं होतं

इंदोरची कापडमिल बंद पडून बरीच वर्षं झाली होती, तरी लक्ष्मीकांत दिघे रोज सकाळी परदेशीपुऱ्याच्या चौकात जाऊन यायचा आणि येताना नवी बातमी आणायचा. कधी सरकार मिल चालवायला घेणार असायचं, कधी कलकत्त्याचा कुणी शेठ येऊन बघून गेलेला असायचा, कधी कोर्टाची तारीख लागलेली असायची. बातमी कुठलीही असो, तिच्या शेवटी एकच शब्द यायचा. "पक्कं."

त्याच्या बायकोला, प्रमोदिनीला, त्या शब्दाचा वीट आला होता. तीही मिलचीच. तरुणपणी सरकारी शिष्यवृत्तीवर रुमानियातल्या याश गावी जाऊन ती कापड रंगवण्याचं रसायनशास्त्र शिकली होती. परत आल्यावर मिलच्या डायहाउसमध्ये, म्हणजे रंगाई खात्यात, नोकरी लागली आणि तिथंच विणाई खात्यातला सुपरवायझर लक्ष्मीकांत तिला भेटला. मिल बंद झाली तेव्हा दोघांच्या नोकऱ्या एकाच दिवशी गेल्या. दुसऱ्या महिन्यात ती एका कोचिंग क्लासात बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवायला लागली. लक्ष्मीकांत मात्र मिलची वाट बघत बसला. जवळच्याच बेटम्याला तिच्या भावाच्या ओळखीनं कापसातली सरकी काढायच्या जिनिंग फॅक्टरीत काम मिळत होतं, ते त्यानं नाकारलं.

"आज तिकडे गेलो आणि उद्या मिल सुरू झाली तर?" तो म्हणाला होता.

"कशावरून सुरू होईल?"

"होणारच. पक्कं."

अशी वर्षं गेली. मग एक दिवस प्रतापराव घाटगे कोचिंग क्लासात तिला शोधत आला. हा पूर्वी युनियनचं काम बघायचा, आता परदेशात माणसं पाठवायचा धंदा करत होता. दिल्लीच्या एका व्यापाऱ्यानं रुमानियात बंद पडलेली कापडगिरणी विकत घेतली होती आणि त्याला इकडची अनुभवी माणसं हवी होती.

"तिकडची पोरं सगळी इटलीला पळाली म्हणे," प्रतापराव म्हणाला. "आपले लोक तर रिकामेच बसलेत. फक्त बोली थोडी यायला पाहिजे. पूर्ण इंदोरात ती बोली तुम्हालाच येते, वहिनीजी. दोन-तीन महिन्यांत कामापुरती शिकवून टाका."

प्रमोदिनीनं हो म्हटलं. पंचवीस वर्षांत ती भाषा तिच्या तोंडून कुणासाठी निघाली नव्हती. आणि घरी सांगितल्यावर लक्ष्मीकांत पहिल्यांदाच चौकातली बातमी सोडून दुसरं काही ऐकायला बसला. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच वर्गात येऊन मागच्या बाकावर बसला.

कोचिंग क्लासची एक खोली दुपारी रिकामी असायची. तिथं मिलचे दहा-बारा जण जमायचे. कुणी फिटर, कुणी मजुरांवर देखरेख करणारा जॉबर, सगळे चाळिशीच्या पुढचे. बारावीच्या पोरांच्या अरुंद बाकांमध्ये गुडघे अडकवून ते नमस्कार, धन्यवाद, उजवीकडे, डावीकडे घोकायचे. सुताला खळ लावायच्या साइझिंग खात्यातला संताजी फिटर सगळ्यात मोठ्यानं बोलायचा आणि सगळ्यात जास्त चुकायचा. लक्ष्मीकांतचे उच्चार मात्र पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ होते. तो तिला वर्गात "मॅडम" म्हणायचा, तेव्हा बाकीचे गालात हसायचे.

अडचण आली ती खात्रीच्या धड्याला. प्रमोदिनीनं फळ्यावर वरपासून खाली शब्द लिहिले. सगळ्यात वर 'सिगुर', म्हणजे नक्की. त्याखाली 'प्रोबाबिल', बहुतेक. मग 'पोआते', कदाचित. सगळ्यात खाली 'मा इंदोयेस्क', म्हणजे मला शंका आहे.

"बघा, इंदोरचं नावच शंकेत घातलंय त्यांनी," संताजी म्हणाला आणि वर्ग हसला.

"आता मी विचारते, तुम्ही उत्तर द्या. उद्या पाऊस येईल?"

"सिगुर," लक्ष्मीकांत म्हणाला.

मार्च महिना होता. बाहेर रस्ता तापला होता.

"अहो, उद्याचं कुणाला नक्की माहीत असतं? पोआते म्हणा."

"येणार असेल तर येणार, नसेल तर नाही. मध्ये पोआते काय करतोय?"

"बरं. संताजीभाऊंची बायको आत्ता घरी आहे का?"

"सिगुर," लक्ष्मीकांत पुन्हा म्हणाला.

"तुम्ही बघून आलात?"

वर्ग पुन्हा हसला. प्रमोदिनीला हसू येत नव्हतं. तिनं खडू खाली ठेवला. ती जे इथं विचारत होती तेच ती घरी कितीतरी वर्षं विचारत आली होती, आणि उत्तरही तेच येत होतं.

"मराठीत आपण काय म्हणतो?" तिनं सगळ्यांना विचारलं. "बायको घरी असेल. 'असेल' हे भविष्यकाळाचं रूप, पण आपण बोलतोय आत्ताचं. खात्री नाही, अंदाज आहे, म्हणून 'असेल'. रुमानियन माणूस अगदी हेच करतो. 'ओ फी अकासा.' भविष्याचंच रूप घेतो आणि आत्ताचा अंदाज सांगतो. हे तुम्हाला शिकवायची गरजच नाही. तुमच्या तोंडात ते आहेच."

हे मात्र सगळ्यांना चटकन कळलं. ओ फी, ओ फी करत सगळे एकमेकांच्या बायकांबद्दल अंदाज सांगायला लागले. त्या संध्याकाळी घरी जेवताना लक्ष्मीकांतनं एकदम विचारलं, "प्रोबाबिल आणि पोआतेमध्ये नेमका किती फरक?"

"प्रोबाबिलमध्ये तुमच्याकडे काहीतरी कारण असतं. पोआतेमध्ये नुसतीच वाट मोकळी असते."

तो भाकरी मोडत विचार करत राहिला. पुढच्या दिवसांत त्यानं तो धडा इतरांपेक्षा जास्त मन लावून केला. कुठला शब्द कुठं, हे तो तिला वरचेवर विचारायचा. प्रमोदिनीला वाटलं, चला, निदान परक्या भाषेत तरी हा माणूस 'कदाचित' म्हणायला शिकला. चौकातल्या फेऱ्याही कमी झाल्या होत्या.

एप्रिलच्या शेवटी रुमानियाहून ओलारू नावाचा इंजिनियर माणसं निवडायला आला. विजय नगरच्या एका हॉटेलात मुलाखती ठेवल्या होत्या. प्रतापरावनं आदल्या दिवशी सगळ्यांना बोलावून बजावलं, "काहीही विचारो, सिगुर म्हणायचं. लूम चालवाल? सिगुर. दुरुस्त कराल? सिगुर. रात्रपाळी? सिगुर. बाकी सगळं मॅडमजींनी शिकवलंय ते तिकडे गेल्यावर बोला."

"मी खोटं बोलायला शिकवलेलं नाही," प्रमोदिनी म्हणाली.

"खोटं कुठं, वहिनीजी? हाताला काम मिळालं की माणूस शिकतोच."

तिनं वाद घातला नाही. घरी आल्यावर लक्ष्मीकांतचा पांढरा शर्ट तिनं स्वतः इस्त्री केला आणि म्हणाली, "प्रतापराव म्हणतो ते ऐका. या एका दिवसापुरतं तरी ऐका."

"बघू," तो म्हणाला.

हॉटेलच्या थंडगार खोलीत ओलारू टेबलापाशी बसला होता. पन्नाशीचा, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं सावकाश. प्रमोदिनी त्याच्या शेजारी दुभाषी म्हणून बसली, पण उमेदवारांना स्वतःच बोलू द्या, असं त्यानं आधीच सांगितलं होतं. तो समोर एका मशीनचा फोटो ठेवायचा. एअरजेट लूम. त्यात आडवा धागा वाहून नेणारा धोटा नसतो, हवेच्या झोतानं धागा फेकला जातो. इंदोरच्या मिलमध्ये असली मशीन कधी आलीच नव्हती. तिथं धोट्याचेच लूम खडखडत होते, बंद पडेपर्यंत.

संताजी आत आला. ओलारूनं फोटोवर बोट ठेवून विचारलं, यावर काम करता येईल? "सिगुर," संताजी म्हणाला, आणि प्रश्न संपायच्या आत पुन्हा एकदा म्हणाला. ओलारूनं मान हलवून काहीतरी टिपून घेतलं. त्यानंतर आलेल्यांनीही तेच केलं.

मग लक्ष्मीकांत आला. नमस्कार केला, नाव सांगितलं, मिलमध्ये काय काम केलं ते सांगितलं. एकही क्रियापद चुकलं नाही. ओलारू खुर्चीत जरा पुढे सरकला. इतर कुणाशी तो एवढं बोलला नव्हता. शेवटी त्यानं फोटो पुढे केला.

"या मशीनवर तुम्ही काम करू शकाल?"

लक्ष्मीकांतनं फोटो हातात घेतला. प्रमोदिनीनं टेबलाखाली पदराचं टोक मुठीत धरलं. म्हणा, ती मनात म्हणत होती. म्हणा एकदा. आयुष्यभर म्हणत आलात, आज म्हणा.

"पोआते," लक्ष्मीकांत म्हणाला. मग थांबून त्यानं दुरुस्ती केली. "नु सुंत सिगुर. मला खात्री नाही. मी ही मशीन फक्त एकदा, अहमदाबादच्या प्रदर्शनात पाहिली आहे. कुणी दाखवलं तर बहुतेक जमेल. प्रोबाबिल."

ओलारूनं फोटो परत घेतला, आभार मानले.

संध्याकाळी संताजीचं आणि आणखी चौघांचं नाव लागलं. लक्ष्मीकांतचं नव्हतं. निघताना ओलारू प्रमोदिनीला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमचे यजमान सगळ्यांत चांगलं बोलतात. मला वाईट वाटतं. पण तिकडे मालक आल्या दिवसापासून कापड मागणार आहे. शिकवत बसायला माझ्याकडे माणूस नाही."

"मग ज्यांना घेतलंत त्यांना येतं असं वाटतं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"ते म्हणाले ना, येतं."

सिटी बसनं दोघं घरी आले. घरात शिरल्याबरोबर प्रमोदिनीचा बांध फुटला.

"मिल सुरू होणार, पक्कं. सरकार पैसे देणार, पक्कं. मार्चमध्ये पाऊस येणार, तोही पक्का. इतकी वर्षं ऐकत आले मी. आणि ज्या दिवशी तो एक शब्द हवा होता, त्या दिवशी तुम्हाला 'कदाचित' आठवलं?"

लक्ष्मीकांत शर्टाची बटणं काढत होता.

"तूच शिकवलंस."

"मी शिकवलं ते भाषेसाठी. पोट भरण्यासाठी नाही."

तो खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "मिलचं मी म्हणायचो ते वेगळं. ते म्हटलं नसतं तर सकाळी उठून काय केलं असतं? पण मशीनबद्दल मी कधी अंदाजानं बोललो नाही, प्रमोदिनी. चालत्या लूमवर अंदाज केला की कुणाची तरी बोटं जातात. आमच्या खात्यातल्या रामदीनची गेलेली मी पाहिलीत."

हे ऐकून ती जास्तच चिडली. तो बरोबर बोलत होता, आणि त्याच्या बरोबर असण्याचा घराला काडीचा उपयोग नव्हता. ती स्वयंपाकघरात गेली आणि कुकरचं झाकण उगाच आपटून लावलं.

पुढच्या आठवड्यात लक्ष्मीकांत न सांगता तिच्या भावाकडे गेला आणि बेटम्याच्या जिनिंग फॅक्टरीतलं काम घेऊन आला. पूर्वीची जागा भरून गेली होती, आता स्टोअर सांभाळायचं होतं, पगारही कमी. तो सकाळच्या बसनं जायचा आणि संध्याकाळी केसांत कापूस घेऊन परत यायचा. चौकात जाणं बंद झालं. त्याबद्दल आपल्याला बरं वाटायला हवं, असं प्रमोदिनीला वाटे. पण वाटत नसे. आल्यावर तो मुकाट जेवायचा आणि झोपायचा.

पावसाळ्याच्या शेवटी एका रविवारी सकाळी फोन वाजला. रुमानियाहून संताजी बोलत होता.

"मॅडमजी, सगळं मस्त चाललंय. पहिल्या दिवशी त्या मशीनपुढे उभा राहिलो तर मुंडी कुठं अन् पाय कुठं, काही कळेना. इथली एक म्हातारी आहे, तिनं दाखवलं. थोड्या दिवसांत हात बसला. दिघेसाहेबांना तर दोन दिवस लागले नसते."

काहीतरी तिखट प्रमोदिनीच्या ओठांवर आलं होतं, पण लक्ष्मीकांत मागे येऊन उभा होता. त्यानं रिसीव्हर घेतला.

"संताजी भिया, हवेचं प्रेशर किती ठेवतात तिथं? आणि धागा तुटला तर मशीन आपण होऊन थांबते की थांबवावी लागते?"

तो विचारत राहिला. ओल्या दिवसांत सूत कसं वागतं, हवा सोडणारं नॉझल कधी साफ करतात, आवाज किती. संताजी जे सांगत होता ते ऐकताना त्याचा मोकळा हात हवेत धागा ओढल्यासारखा हलत होता. असं त्याला तिनं मिल बंद झाल्यापासून पाहिलं नव्हतं. मग फोन मध्येच तुटला. त्यानं दोनदा हॅलो म्हटलं आणि रिसीव्हर खाली ठेवला.

"प्रतापरावची पुढची बॅच कधी आहे?" त्यानं विचारलं.

"मला नाही माहीत. तो काही बोलला नाही."

"विचारून बघ ना."

राग करावा की नाही, हे प्रमोदिनीला ठरवता येईना. समोर पोरांचे केमिस्ट्रीचे पेपर तपासायचे पडले होते. तिनं ते बाजूला सारले आणि प्रतापरावचा नंबर फिरवला. फोन एंगेज होता. तिनं पुन्हा फिरवला.