फोटोत काय आहे

चेन्नईतल्या मराठी मंडळाची वेबसाइट तनया सांभाळायची. ती मूळची साताऱ्याची, नोकरीसाठी अण्णा नगरला राहणारी. मंडळात तिच्यासारखे नव्यानं आलेले लोक होते, तशीच पिढ्यान्‌पिढ्या इथं असलेली तंजावरी घरंही होती. सभासद लेख पाठवत, तनया त्यांत फोटो घाली. फोटो चढवताना खाली 'वर्णन' अशी एक चौकट यायची. साइट उघडणाऱ्याला ती दिसत नाही म्हणून तनयानं ती कधी भरलीच नव्हती.

एका रविवारी वेस्ट मांबलमच्या गिरीधररावांचा फोन आला. तंजावरी गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले; बोलताना प्रेमानं तमिळ धाटणीचं 'मा' लावायचे.

"तनया मा, फोन मला लेख वाचून दाखवतो. मधेच 'इमेज' म्हणतो, पुन्हा 'इमेज' म्हणतो. त्यांत काय आहे ते सांगत नाही."

काचबिंदूनं त्यांची नजर गेली आहे, हे तिला तेव्हा कळलं. त्या चौकटीत लिहिलेलंच त्यांचा फोन वाचणार होता. त्या संध्याकाळी तिनं जुन्या लेखांतले फोटो उघडले आणि लिहीत सुटली: 'कार्यक्रमाचा फोटो', 'पुरणपोळीचा फोटो'.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "कार्यक्रमाचा ते कळालं, मा. कोण आहे? काय करतात?"

मग मात्र ती प्रत्येक फोटोपाशी थांबायला लागली. आपणच काढलेल्या फोटोंत आपण किती कमी पाहिलं होतं, याचं तिला नवल वाटे. मंडळातल्या हेमलताताईंच्या पोळीच्या चौकटीत तिनं लिहिलं, 'पितळी ताटात पोळी, एका कडेला जरा करपलेली.' गिरीधरराव म्हणाले, "आता पोळी दिसली."

पोंगलनंतर मंडळाचं स्नेहसंमेलन झालं. गिरीधररावांना त्यांची सून कीर्तना घेऊन आली होती. घरी येऊन तनया फोटो चढवू लागली. एका फोटोत जेवणाच्या टेबलाशी घोळका हसत उभा होता. हेमलताताई होत्या, तनया स्वतः होती. मागं भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीत गिरीधरराव एकटेच बसलेले. हातात रिकामी ताटली, चेहरा हसण्याच्या आवाजाकडे वळलेला.

तिनं लिहिलं, 'टेबलाभोवती मंडळी हसत उभी आहेत.' आणि फोटो साइटवर चढवला.

गिरीधररावांचा फोन आलाच. "अस्के फोटो ऐकले, एकूण एक. मी कशांतच नाही का?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"एका फोटोत आहात, काका. मी लिहिलं नाही."

"का, मा?"

तिनं जसं दिसत होतं तसं सांगितलं.

"ती ताटली कुठं ठेवायची ते कळत नव्हतं," ते म्हणाले. "कीर्तना कुणाशी बोलत होती. हाक मारायला बरं वाटलं नाही. धरून बसलों."

"सॉरी, काका. मी तिथंच होते."

"लिही तें. नाहीतर मी आलोंच नव्हतों असं होईल."

"चौकटीत लिहिलं तर फक्त तुम्हालाच ऐकू येईल. फोटोखाली लिहू का? सगळ्यांना दिसेल."

ते म्हणाले, "सरी, चालेल. लिही. जास्त दया घालू नको त्यांत."

तिनं फोटोखाली एकच वाक्य घातलं: 'मागं भिंतीशी गिरीधरराव रिकामी ताटली घेऊन बसले आहेत.'

त्या रात्री हेमलताताईंनी फोन केला. "मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होते गं," एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी गिरीधररावांचा नंबर मागून घेतला.

गुढीपाडव्याच्या गाण्याच्या कार्यक्रमाला गिरीधरराव आले, तेव्हा त्यांच्याभोवती खुर्च्यांचं कडंच झालं. कुणी पाणी आणत होतं, कुणी वाढत होतं, सगळे एकदम बोलत होते. तनयाला ते बघून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "काल कसं वाटलं, काका?"

"बरं वाटलं. पण अस्के बोलत होते, गाणं काय ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "पुढच्या वेळी जवळ एकजण बसला तरी पुरे, मा. बसून राहिला पाहिजे, तेवढंच."