साखरेच्या डब्याखाली

पेपर दारात पडला की सासरे आधी तो उघडून दोन भागांत वेगळा करत. मुख्य अंक स्वतःकडे, पुरवणी स्वयंपाकघराकडे. घराची ही रीतच होती. देश कोण चालवतो, कोण कोणाला कर्ज देतो, कोणाचं सरकार पडतं, हे वाचणं पुरुषांचं काम. "बायका राजकारण वाचायला लागल्या की दूध उतू जातं," असं ते म्हणत आणि आपल्याच विनोदावर हसत. वाचून झालेला अंक कपाटात बंद होई. महिन्या-दोन महिन्यांनी त्याची रद्दी सासूबाईंच्या हाती येई, आणि त्या ती फळ्यांवर डब्यांखाली अंथरत.

सून कॉलेजात राज्यशास्त्र शिकली होती. आता ती ते डबे उचलून वाचू लागली. पिठाखाली एक निवडणूक, तांदळाखाली कुठल्याशा परक्या देशातलं धरण. सगळं शिळं, पण भूक लागली की शिळंही गोड लागतं.

डबे जागा सोडतात हे सासूबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. सून काहीतरी लपवते आहे, अशी पाल त्यांच्या मनात चुकचुकली. त्यांनी मुलाच्या कानावर घातलं. त्यानं बायकोची पर्स तपासली, मोबाइल चाळला, आणि काही सापडलं नाही म्हणून त्याचा संशय आणखीच बळावला. माहेरी काय पाठवतेस, असं त्यानं विचारलंसुद्धा.

एवढ्यात सासऱ्यांनी जेवताना सांगितलं की शनिवारी परदेशी बँकेचे पाहुणे येणार आहेत. वस्तीतून जाणाऱ्या नव्या रुंद रस्त्याला तीच बँक पैसा देणार. सासरे वस्ती समितीचे अध्यक्ष. बायकांनी चांगले कपडे घालून पुढे बसायचं, आणि विचारलं की मान हलवायची. कशाला हलवायची, असं सुनेनं विचारलं. "विकासाला," ते म्हणाले आणि ताटावर वाकले.

ते नजर का चुकवतात? सुनेला प्रश्न पडला.

दुसऱ्या दिवशी साखरेचा डबा उचलताच तिला उत्तर मिळालं. रस्त्याची बातमी होती. वाटेत येणारा मुलांचा दवाखाना पाडणार, नवा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला बांधणार. बँकेची अट एकच, वस्तीतल्या बायकांची संमती हवी. तिच्या दीड वर्षाच्या मुलीला दम लागायचा. ओठ निळे पडू लागले की ती लेकीला छातीशी धरून अनवाणी त्या दवाखान्यात पळायची. गल्ली ओलांडली की दार. ते दुसरं टोक तिच्या मुलीनं गाठलं असतं का?

"सापडलीस," मागून सासूबाई म्हणाल्या. "काय दडवलंयस तिथं?" त्यांनी डबा हिसकावला, कागद उचलला, खालची फळी चाचपली. फळी रिकामी होती.

"मग करत काय होतीस?"

"वाचत होते, आई."

सासूबाई अक्षरं जोडून जोडून वाचत. त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. सुनेनं सगळं वाचून दाखवलं. खोलीत नात खेळत होती, तिच्या छातीची बारीक शिट्टी इथवर येत होती.

"हे ह्यांनी वाचलंय?"

"रोजचा पेपर तेच वाचतात ना."

सासूबाईंनी कागद पुन्हा अंथरला, त्यावर डबा ठेवला आणि त्या नातीकडे गेल्या. त्या आता कोणाच्या बाजूनं, हे सुनेला कळेना.

शनिवारी दुभाष्यानं प्रश्न विचारला. रस्ता सगळ्यांना मान्य आहे ना? पुढच्या रांगेतल्या माना हलल्या. सून उभी राहिली.

"आम्हाला नंदीबैल करून बसवलंय. दवाखाना पाडणार हे इथल्या एकीलाही सांगितलेलं नाही. माझी मान मोजू नका."

सासरे हसत उठले. सुनेचं डोकं बाळंतपणापासून ठिकाणावर नसतं, मनावर घेऊ नका, असं त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. नवऱ्यानं तिचा दंड धरला. तेव्हा मागून सासूबाईंचा आवाज आला.

"तिचं डोकं ठिकाणावर आहे. माझीही मान मोजू नका."

दुभाष्यानं ते पाहुण्यांना सांगितलं. हलवलेल्या माना गोंधळून एकमेकींकडे वळल्या. दवाखान्याचं काय, असं कुणीतरी हळूच विचारलं, मग आणखी एकीनं. पाहुण्यांनी त्या दिवशी संमती लिहून घेतली नाही. पुढे काय होईल, ते कोणीच सांगितलं नाही.

दुसऱ्या सकाळी दारात पेपर पडला नाही. सासऱ्यांनी तो बंद केला होता. सासूबाई दूध आणायला गेल्या आणि नेहमीपेक्षा उशिरा परतल्या. पिशवीतून दुधाबरोबर पेपर निघाला. त्यांनी तो उघडून दोन भागांत वेगळा केला.

"ही पुरवणी ह्यांच्या चहाशेजारी ठेव," त्या म्हणाल्या. "आणि मोठा कागद घेऊन इथं बस. वाच. बाहेर ऐकू जाईल असं वाच."

ही गोष्ट तुम्ही पुरवणीतच वाचत असाल. तुमच्या घरात मुख्य अंक आत्ता कोणाच्या हातात आहे, एकदा मान वर करून बघा.