फार झालेली वीज

"दूध नासलं की आधी टाकी घासायला घे. कोणाचं चुकलं ते मागून बघू." सासूबाई असं सांगायच्या. त्या दुपारी मी नाम घेत दूधघराची टाकी घासत होते, आणि दारात माणसं चक्कीवाल्याच्या अंगावर धावून जात होती.

आमच्या वरच्या गावाचं दुखणं जगावेगळं. बाकीच्यांचे हाल वीज नाही म्हणून, आमचे ती फार झाली म्हणून. सरकारनं छपराछपरावर सोलर बसवून दिलं, तारा मात्र जुन्याच, सुतळीसारख्या. ऊन डोक्यावर आलं की सगळ्या छपरांची वीज त्या तारांत घुसते, डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, बंद पडते आणि दूध गार ठेवणारी टाकी तापायला लागते. म्हणून गावानं ठरवलं होतं, दुपारी पाळीपाळीनं कोणीतरी वीज खपवायची. कोणी मोटर चालवायची, कोणी चक्की. त्या दिवशी पाळी चक्कीवाल्याची, आणि तो न सांगता लेकीकडे गेला. परतला तोवर दूध नासलं होतं.

"दळण नसताना रिकामी चक्की फिरवत बसायचं. पाहुणे मला वेडा समजतात," तो म्हणाला.

"मग आज शहाणा झालास, आणि गावाचं दूध गेलं," गवळी बोलला.

खरं तर राग त्याच्यावर नव्हताच. नव्या तारांचा सरकारी पैसा आला की तो खालच्या गावातच उतरायचा. वीज कंपनीच्या साहेबांचं म्हणणं, तुमच्याकडे विजेचा खप कमी. आम्ही म्हटलं, तार द्या, खप वाढेल. ते म्हणाले, खप वाढवा, तार देऊ. आता पुन्हा पैसा आला होता, आणि तो कोणाला द्यायचा ते दोन्ही गावांच्या समितीनं हात वर करून ठरवायचं होतं. आम्हाला एक हात कमी पडत होता. डेअरीची गाडी दूध परत पाठवायला लागली होती. आणखी एक उन्हाळा असा गेला तर दूधघराला कुलूपच.

माझी नणंद खालच्या गावात दिलेली, समितीत तिकडून बसते. आम्हाला नासलेलं दूध ओढ्यात ओतताना तिनं पाहिलं आणि भावाला शब्द दिला, माझा हात तुमच्यासाठी. पण तिच्या यजमानांनी त्याच तारेच्या भरवशावर कोल्ड स्टोरेज वाढवायला काढलं होतं.

बैठकीच्या दिवशी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. जप करायला बसले तर माळ हातातच राहिली. शेवटी उठून तिच्याकडे गेले. ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती. बाहेरच्या खोलीत यजमान फोनवर कोणाला तरी सांगत होते, घरचा हात घरातच राहील.

मी हळूच म्हटलं, "वन्सं, दिलेल्या शब्दातून मी तुम्हाला मोकळं केलं. भावासाठी स्वतःचं घर विस्कटू नका."

"भावासाठी कुठं, वहिनी? इथं मोकळ्या आवारात रात्रभर दिवे जळतात, तिथं तुम्ही दूध ओतता. एकदा दिसलं ते न दिसल्यासारखं कसं करू?"

"आणि यजमान बोलतील ते?"

"बोलतील. आमटीत मीठ कमी पडलं तरी बोलतात."

तेवढ्यात यजमानांनी बाहेरूनच सांगितलं, तू आज जाऊ नको, बरं नाही म्हणून कळवतो.

तिनं त्यांचा चहा ताटलीनं झाकला. मला खुणेनं बसायला सांगितलं. मग चपला हातात घेऊन मागच्या दारानं अंगण ओलांडलं, बांधावर गेल्यावर त्या पायांत घातल्या, आणि पदर सावरत समितीच्या कचेरीची वाट धरली.