सुनेची चाळण

माणसानं एका जागी बूड टेकावं की नाही? धाकटा लेक सकाळपासून नुसता घरभर फिरत होता. फ्रिज उघडला, काही न घेता लावला. खिडकीपाशी गेला, परत आला. बंद असलेला नळ आणखी पिळून बघितला. स्वयंपाकघरात मटार सोलत बसलेल्या सासूबाईंचं डोकं उठलं.

"पायाला भिंगरी लावलीय का रे? परीक्षा सुनेची, आणि घाम तुला!"

"काही नाही गं आई," म्हणत तो पुन्हा खिडकीकडे वळला.

परीक्षाच होती ती. धाकट्यानं चार मित्र जमवून संगणकाची एक भाषा रचली होती, लिस्प नावाच्या जुन्या भाषेच्या घराण्यातली. तिच्यात जे लिहायचं ते कंसात. सासूबाईंनी एकदा पडद्यावर डोकावून विचारलं होतं, "झाकणावर झाकण, त्याच्यावर झाकण! आत भांडं आहे की नुसतीच झाकणं?"

या भाषेत एक उणीव होती. मजकुराच्या ढिगातून तारखा नाहीतर फोन नंबर वेचून काढायचे, तर त्यांचा साचा सांगायची सोय नव्हती. ते काम सुनेनं अंगावर घेतलं. इतर भाषांत हा साचा टिंबं, चांदण्या आणि तिरप्या रेघांनी लिहितात, शाईत बुडालेल्या मुंग्या कागदावरून चालून गेल्यासारखा. सून म्हणाली, आपला साचाही कंसातच हवा, शब्दांत, वाचता येईल असा. एक किंवा जास्त आकडे, मग रेघ, मग पुन्हा आकडे.

"म्हणजे चाळण," सासूबाई म्हणाल्या होत्या.

"चाळणच, आई. भोकं कशी हवीत ते फक्त बोलून सांगायचं."

त्यातल्या एका भोकावरून मात्र नवराबायकोचं वाजलं. आधी सापडलेला शब्द पुढे जसाच्या तसा पुन्हा आलाय का, हे ओळखायची सोय धाकट्याला हवी होती. "सगळ्यांकडे असते. आपल्याकडे नाही म्हटल्यावर लोक हसतील."

"हसू देत," सून म्हणाली होती. "माझं यंत्र मजकूर एकदाच, सरळ वाचत जातं. ही सोय घातली की त्याला मागं फिरून फिरून बघावं लागेल आणि वाकडा मजकूर आला की ते अडकून बसेल. माझं अडकणार नाही, असा मी सगळ्यांना शब्द दिलाय."

आज तो शब्द खरा करून दाखवायचा होता. दाखवला तर तिची चाळण भाषेत जाणार, नाहीतर तिची सगळी मेहनत केराच्या टोपलीत आणि भाषेत त्या मुंग्या.

जेवणाच्या टेबलावर सुनेनं संगणक मांडला. व्हिडिओ कॉलवर भाषेची कारभारी मंडळी जमली. तारखा निघाल्या, पत्ते निघाले. माना डोलल्या. "आता मुद्दाम वाईटात वाईट मजकूर देते," म्हणत तिनं कळ दाबली.

काहीच झालं नाही. संगणकाचा पंखा घुरघुरायला लागला.

"अडकलं वाटतं," एक दाढीवाला म्हणाला.

"काल तर चाललं होतं..." सून पुटपुटली. "माझंच काहीतरी चुकलं असणार."

"मग इतर भाषांचीच पद्धत घ्यायची का?" कुणीतरी विचारलं.

सासूबाईंनी सुनेकडे नाही, खिडकीपाशी उभ्या लेकाकडे बघितलं. दूध उतू गेलं की जो गॅस सोडून भलतीकडेच बघतो, त्याच माणसाचं तोंड. आणि त्यांना सकाळ आठवली. सून अंघोळीला गेलेली, हा तिच्या खुर्चीत. काय करतोस विचारलं तर म्हणे चार्जर शोधतोय. चार्जर तर हातातच होता!

"धाकट्या," त्या जवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "तिच्या खुर्चीत बसून काय केलंस?"

"तुला नाही कळायचं."

"कंस नाही कळत मला. तुझं तोंड कळतं."

तो भिंतीला टेकला. "ती नको म्हणत होती ती सोय घातली. आतलं शोधायचं यंत्र त्यासाठी बदलावं लागलं. मला वाटलं, बाकीचं तसंच चालेल. चाललेलं बघितलं की तीही मानेल."

"या घरात मीठ कुणी घालायचं?"

उत्तर त्याला लहानपणापासून पाठ होतं. ज्याच्या हातात डाव, त्यानंच. दुसऱ्यानं पातेल्याला हात लावला तर सासूबाई पाहुण्यांसमोरही फटका द्यायच्या.

"जा तिकडे."

तो गेला. पडद्यासमोर वाकून म्हणाला, "हे माझ्यामुळे अडकलंय. हिला न विचारता मी आतलं बदललं. हिचं काही चुकलेलं नाही."

सुनेनं त्याच्याकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यापेक्षा फटका परवडला असता. अडकलेलं तिनं थांबवलं, त्यानं घातलेलं उपटून काढलं, तोच मजकूर पुन्हा दिला. कळेवरचं बोट उचलायच्या आत उत्तर हजर.

दाढीवाला पुढे सरकला. "पुन्हा करा."

तिनं पुन्हा केलं, मग त्यांनी सांगितलेल्या मजकुरावर केलं, आणखी वाकड्यावर केलं. शेवटी तो म्हणाला, "घेऊ या. आणि यातलं काहीही बदलायचं झालं तर आधी यांना विचारायचं."

धाकटा स्वयंपाकघरात आला आणि सकाळी सुनेच्या खुर्चीतून उठल्यापासून पहिल्यांदा नीट टेकला. वाटीतले चार मटार उचलून म्हणाला, "सुटलो बुवा! सांगितलं ना खरं?"

सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

"सांगितलंस, पण मी ढकलल्यावर. मीठ टाकलंस ते सोड, हौशीपायी माणूस घालतो हात. पण ती दोष स्वतःवर घेत होती आणि तू खिडकी बघत होतास! हुशार आहेस, हे मी चारचौघांत सांगते. भित्रा आहेस, हे तुझ्या तोंडावर सांगते. आता आधी तिच्यापुढे जाऊन उभा राहा, आणि ती बोलेल ते मुकाट्यानं ऐक. आणि ते मटार ठेव वाटीत. तिच्यासाठी सोललेत."